खोडावरील कवके : शहापूर-मुरबाड परिसरातील ओळख

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत पाऊस स्थिरावला की वाळलेल्या ओंडक्यांवर, आंबा-फणसाच्या खोडांवर आणि सागाच्या जुन्या खुंटांवर नाना आकारांची कवके दिसू लागतात. वारुळांवर उगवणाऱ्या खाद्य अळंब्यांची पारख येथील ठाकूर, कातकरी व महादेव कोळी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. खोडावरची कवके मात्र बहुधा ‘कुत्र्याची छत्री’ या एकाच नावाखाली ढकलली जातात. वस्तुतः वृक्षाच्या अंतर्भागात काय घडत आहे, याची बाहेर दिसणारी खूण म्हणजे हे कवक होय. गावातील कोणते झाड केव्हा धोक्याचे ठरेल, हे त्यावरून पुष्कळ अंशी सांगता येते.

खोडावर जे दिसते ते कवकाचे केवळ फळ असते. त्याचे खरे शरीर म्हणजे लाकडात पसरलेले अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे. हे तंतू लाकूड कुजवून त्यावर जगतात. काही जाती लाकडातील लिग्निन हा कठीण घटकही पचवितात. मग लाकूड पांढरट, तंतुमय व स्पंजासारखे होते. दुसऱ्या काही जाती मुख्यतः सेल्युलोज खातात. मग लाकूड तपकिरी होऊन त्याला चौकोनी भेगा पडतात आणि ते बोटांनी चुरडता येते. याच क्रियेमुळे पडलेल्या पाल्यापाचोळ्याची व ओंडक्यांची पुन्हा माती होते. त्यामुळे मेलेल्या लाकडावरील कवकाला शत्रू मानण्याचे कारण नाही. प्रश्न उभा राहतो तो जिवंत वृक्षाच्या बाबतीत.

ओळख पटविताना प्रथम जागा पाहावी. कवक जिवंत खोडावर आहे, मेलेल्या ओंडक्यावर आहे की बुंध्याशी मुळांजवळ आहे, हे टिपावे. त्यानंतर ते उलटून खालची बाजू पाहावी. रंग व आकार वयानुसार आणि ओलीनुसार बदलतात, परंतु खालची रचना सहसा दगा देत नाही. तेथे सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे असतील, मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे असतील, वहीच्या पानांसारखे उभे पापुद्रे असतील किंवा ती बाजू अगदी गुळगुळीत असेल. मग पोत पाहावा : लाकडासारखा कठीण, चामड्यासारखा चिवट, मांसल की बुळबुळीत. एवढ्या तीन गोष्टींवरून शालेय विद्यार्थ्यालाही कवकाचा गट सांगता येतो.

षट्कोनी घरांचे, पातळ व चिवट कवक हे हेक्सागोनिया. उन्हातल्या वाळक्या फांदीवर शेंदरी-लाल पंखे दिसले तर ते पिक्नोपोरस. कोळशाच्या गोळ्यासारखे काळे, कापल्यावर आत एकाभोवती एक वलये दाखविणारे ते डाल्डिनिया. मानवी कानासारखे, ओले असता लवचिक आणि वाळल्यावर कडक होणारे ते ऑरिक्युलॅरिया. नखाएवढे, करडे, लवदार आणि खालचे पापुद्रे मधोमध चिरलेले असे शायझोफायलम कम्यून तर जळणाच्या मोळीवरही सापडते. मणिपुरात ते आवडीने खाल्ले जाते.

या परिसराच्या दृष्टीने विशेष विचार करावा असे कवक म्हणजे फणसांबा. फणसाच्या जुन्या खोडावर घोड्याच्या खुरासारखे, गंजासारख्या तपकिरी रंगाचे, वर काळपट व भेगाळलेले असे हे कठीण कवक फेलिनस या प्रजातीतील आहे. ते वर्षानुवर्षे वाढते. खालच्या छिद्रांचा नवा थर जुन्याखाली जमत जातो. सह्याद्री व कोकणपट्टीतील घरगुती औषधांत ते सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या अतिसारावर, लाळ गळण्यावर व तोंड येण्यावर देण्याची रूढी आहे. पुणे येथील कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य यांनी १९९० नंतरच्या काळात या लोकौषधीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मात्र फणसांबा या एका नावाने फेलिनसच्या एकाहून अधिक जाती ओळखल्या जातात. तेव्हा तान्ह्या मुलाला ते वैद्यकीय सल्ल्यावाचून देऊ नये, हेच बरे.

फणसांबा दिसणे याचा दुसराही अर्थ आहे. त्या वृक्षाचा गाभा कुजू लागलेला असतो. वरचे कवक खरवडून काढल्याने झाड बरे होत नाही, कारण तंतूंचे जाळे आतच राहते. खैराच्या बाबतीत हे नुकसान पैशांत मोजता येते. फेलिनसच्या एका जातीमुळे खैराचा गाभा सडतो, आणि कात निघतो तो नेमका गाभ्यातूनच. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील बी. के. बक्षी यांनी वृक्षांवरील व लाकडावरील अशा छिद्रयुक्त कवकांवरचा आपला ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध केला.

कवक आत शिरते ते जखमेतून. कुऱ्हाडीचा घाव, वणव्याने भाजलेली साल आणि मोडक्या फांदीचा खुंट ही त्याची प्रवेशद्वारे होत. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब करताना या तालुक्यांत ऐनासारख्या वृक्षांच्या फांद्या छाटल्या जातात. फांदी ओरबाडून काढली की तिच्याबरोबर सालही सोलून निघते. त्याऐवजी फांदीला आधी खालून अर्धवट काप द्यावा, मग वरून तोडावे, आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याला धक्का न लावता साफ कापावा. अशी जखम लवकर भरते.

सर्वांत धोक्याची खूण बुंध्याशी असते. लाखेचे रोगण दिल्यासारखे चकाकणारे, तांबूस-तपकिरी, खालून पांढरट छिद्रे असलेले आणि आसपास कोकोच्या भुकटीसारखे बीजाणू सांडणारे कवक हे गॅनोडर्मा. ते मुळे व बुंधा सडविते. शेंडा हिरवागार असतानाही असे झाड वादळात मुळासकट कोसळू शकते. शाळा, अंगणवाडी, एस. टी. थांबा किंवा बाजाराच्या जागेजवळील वृक्षावर ते आढळल्यास लाकडी हातोडीने बुंधा ठोकून पाहावा. पोकळ आवाज आल्यास ग्रामपंचायतीने वन विभागास लेखी कळवावे आणि तोपर्यंत झाडाखाली मुलांना बसवू नये. झाड परस्पर तोडणे मात्र उचित नव्हे. आंबा, फणस, ऐन, मोह, खैर, जांभूळ हे वृक्ष महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत असून त्यांच्या तोडीस वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

खाण्याचा प्रश्न वारंवार विचारला जातो. भाताच्या पेंढ्यावर पिकविली जाणारी ढिंगरी ही मुळात लाकडावर वाढणारी, म्हणून खोडावरचे पांढरे, मांसल कवक ढिंगरीच असा समज होतो. तो घातक ठरू शकतो. चांदीचे नाणे काळे पडणे, किड्यांनी खाल्लेले असणे, लसूण घालून शिजविणे यांपैकी कोणत्याही कसोटीने विष ओळखता येत नाही. काही जातींतील अमॅटॉक्सिन शिजविल्यानेही नष्ट होत नाही. त्याची लक्षणे ६ ते २४ तासांनी दिसतात आणि तोवर यकृताला इजा पोहोचू लागलेली असते. शंका येताच लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्यावा.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी तयार होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीत वृक्ष व पक्ष्यांबरोबर कवकांनाही स्थान मिळावयास हवे. शिक्षकांना ही नोंद विद्यार्थ्यांकरवी करून घेता येईल. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत कुजतो, म्हणून तो कागदी पाकिटात ठेवून सावलीत वाळवावा. ताजे मांसल कवक खालची बाजू कागदाला लावून रात्रभर पालथे ठेवल्यास बीजाणूंचा ठसा उमटतो. तो अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर घ्यावा, म्हणजे कोणताही रंग दिसतो. पाकिटावर गाव, तारीख, वृक्षाचे नाव, जमिनीपासूनची उंची, झाड जिवंत की मृत आणि कवकाचे स्थानिक नाव लिहावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवक-संग्रहात जतन केलेल्या वाळविलेल्या नमुन्यांनाही अशाच नोंदींमुळे मोल आले आहे.