मासळीच्या टाकाऊ भागांतील अन्न

रत्नागिरीसारख्या बंदरांतील कारखान्यांत कोळंबी सोलली जाते, तेव्हां जितकें मांस निघतें जवळजवळ तितक्याच वजनाचीं डोकीं व टरफलें मागें उरतात. मोठ्या माशाच्या दोन्ही बाजूंचे मांसल काप काढून घेतले, तर डोकें, मधला कांटा, पर व कातडी मिळून निम्म्याच्या आसपास वजन बाजूस पडतें. कोंकणांतील गृहिणीला यांत टाकाऊ असें फारसें दिसणार नाहीं. डोक्याचें कालवण तिच्या घरीं आवडीनें खाल्लें जातें. कारखान्यांतील ढीग मात्र बहुधा खतांत किंवा कोंबड्यांच्या खाद्यांत जातो, नाहीं तर नुसताच कुजतो. त्यांतून माणसांचें अन्न कसें निघतें आणि तें काढणें वाटतें तितकें सोपें कां नाहीं, हें येथें पाहूं.

तांदूळ व गहूं यांच्या प्रथिनांत लायसिन नांवाचें अमिनो-आम्ल कमी असतें. माशांत तें विपुल असतें. म्हणून पोळीच्या पिठांत थोडें मत्स्यचूर्ण मिसळलें तरी त्याचें पोषणमूल्य वाढतें.

हें मांस कांट्यावरून सोडविण्याची युक्ति स्वयंपाकघरांत ओळखीची आहे. मटण लौकर शिजावें म्हणून त्यास कच्ची पपई लावतात. पपईच्या चिकांतील पपेन हें पाचक द्रव्य प्रथिनांच्या लांब सांखळ्या तोडतें. कारखान्यांत ताजीं डोकीं व कांटे दळून, त्यांत पाणी व असेंच एखादें द्रव्य घालून, मिश्रण सुमारें ५० ते ५५ अंश सेंटिग्रेड उष्णतेवर ठेवितात. तास-दोन तासांत बरेंचसें मांस विरघळून पाण्यांत उतरतें. मग मिश्रण ९० अंशांच्या आसपास तापवून ती क्रिया थांबवितात, हाडें गाळून व तेल वेगळें करून उरलेला द्रव गरम हवेंत तुषाररूपानें सोडतात, आणि फिकट भुकटी हातीं येते. क्रिया फार लांबली तर भुकटी कडवट होते. सांखळ्यांचे कांहीं लहान तुकडे चवीला कडूच असतात.

कोळंबीच्या टरफलांविषयीं एक इशारा दिला पाहिजे. प्रथिनें मोजण्याची रूढ रीत अशी कीं, पदार्थांतील नायट्रोजन मोजावयाचा व त्यास ६.२५ नें गुणावयाचें. परंतु टरफलांतील कायटिन या चिवट द्रव्यांतहि शेंकडा सुमारें ६.९ भाग नायट्रोजन असतो, आणि कायटिन हें प्रथिन नव्हे. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा: प्रथिनाचा कणहि नसतां कागदावर शेंकडा ४३ प्रथिनें दिसतील!

तथापि मोठी अडचण रसायनशास्त्राबाहेरची आहे. अमेरिकेंत अख्खा मासा, डोकें व आंतडीं यांसकट, दळून आणि अल्कोहोलनें धुवून एक बेचव पीठ तयार करण्यांत आलें होतें. त्यांत शेंकडा ८० च्या आसपास प्रथिनें असत. जगांतील भुकेल्या मुलांना तें द्यावें, असा हेतु होता. १९६२ सालीं तेथील अन्न व औषध खात्यानें त्यास मनाई केली; पीठ विषारी म्हणून नव्हे, तर आंतडीं वगैरे भाग कायद्याच्या दृष्टीनें गलिच्छ म्हणून. १९६७ सालीं परवानगी मिळाली, तीहि हेक व तत्सम माशांपुरती, आणि घरगुती पाकीट एक पौंडाहून मोठें नसावें या अटीवर. शिवाय तें पीठ पाण्यांत विरघळत नसे. धंदा फोफावला नाहीं. किळस हें कारण अशास्त्रीय म्हणून हंसण्यावारी नेणारे पुष्कळ भेटतात. मला तें क्षुल्लक वाटत नाहीं. जें आपण आपल्या ताटांत घेणार नाहीं, तें गरिबाच्या मुलाच्या पिठांत कोणत्या तोंडानें घालावें?

किळसेचें खरें मूळ पुष्कळदां त्या भागांत नसून हयगयींत असतें. बांगड्यासारखे मासे उष्णतेंत पडून राहिले तर जंतूंच्या योगानें त्यांत हिस्टामीन हें अपायकारक द्रव्य तयार होतें, आणि मागाहून कितीहि उकळलें तरी तें जात नाहीं. कापण्याच्या मेजावरून डोकें तत्काळ बर्फांत गेलें तर तें अन्न राहतें. दुपारपर्यंत टोपलींत राहिलें तर त्याचें खतच करावें. भुकटीच्या पाकिटावर ती कशाची केली आहे हेंहि ठळक छापावें लागतें, कारण ज्यांना कोळंबी बाधते त्यांपैकीं कित्येकांना तिचा अल्प अंशहि धोक्याचा ठरतो, आणि शिजविल्यानें तो धोका टळत नाहीं.