अँटिऑक्सिडंटचा डबा आणि उपाशी पोर

पुण्यात, कसबा पेठेत आमच्याकडे जे घडलं त्याचा पाढा मी वाचणार नाही. वजन उतरलेल्या, पाळी थांबलेल्या पोरीकडे बघून ‘शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलाय’ म्हणायचं आणि त्याच दमात अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचा डबा पुढे सरकवायचा, ही ‘वेलनेस’वाल्यांची रीत मला अजून सलते. ‘ती जेवते काय?’ एवढा साधा प्रश्न त्यांना सुचत नाही. त्यांचं बोलणं अर्धं खरं असतं आणि चीड त्या अर्ध्याचीच येते, कारण माणूस फसतो तो तिथेच.

खरं अर्धं आधी सांगतो. पेशी ऊर्जा तयार करताना फ्री रॅडिकल्स निर्माण होतातच. त्यांना आवरणारी फळी शरीर स्वतः उभी करतं, पण अन्नाच्या जोरावर. ग्लुटाथायोन तीन अमिनो आम्लांपासून बनतं, म्हणजे प्रथिनं हवीत; सुपरऑक्साइड डिसम्युटेजच्या एका प्रकाराला तांबं आणि जस्त लागतं, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम. अॅनोरेक्सिया आणि बुलिमिया हे खाण्याशी निगडित मानसिक आजार: पहिल्यात मूल जेवण तोडतं, दुसऱ्यात खाल्लेलं ओकून टाकतं. ही सगळी रसद तिथेच आटते, फळी कमी पडते आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो. म्हणजे मूळ उपासमार, स्ट्रेस तिचा परिणाम. तोही सरसकट दिसत नाही: अॅनोरेक्सियावरच्या अभ्यासांत त्याची मोजमापं एकसारखी येत नाहीत, आणि काही रुग्णांच्या रक्तात कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट उलट इतकं वाढतं की तळहात पिवळे दिसतात. मग सर्वांना एकच कॅप्सूल कुठल्या हिशेबाने? ‘तांबट आळीतून तांब्याचं भांडं आणा, त्यातलं पाणी पाजा’ हा शेजारधर्मही असाच तोकडा. ताट रिकामं असताना एकटं तांबं काय करणार?

‘फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय?’ असं विचारतात. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1994 साली आले. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला. ती माणसं प्रौढ आणि विडीकाडीवाली होती, आपल्या पोरींना तो निकाल तसाच लागू होत नाही, हे मान्य. पण ‘अँटिऑक्सिडंट म्हणजे निरुपद्रवीच’ हे गृहीतक तिथे मोडलं. इथला मोठा तोटा वेगळा आहे: डबा संपेपर्यंत वाट बघण्यात महिने जातात आणि तेवढ्यात हृदय मंदावतं.

दुसरा आक्षेप पुण्याचाच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 साली पुणे आणि परिसरातल्या 441 पुरुषांचा अभ्यास मांडला. सुमारे 67 टक्क्यांत बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. मग पोरीची अडचण तेवढीच नसेल का? बी-12 जरूर तपासा, कमी असेल तर डॉक्टरांकडून भरून काढा. पण त्या कमतरतेने कुणी पोळी रुमालात लपवत नाही. ‘ही पाश्चात्त्यांची थेरं’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की आपल्याकडच्या मुली पुष्कळदा ‘मी जाड आहे’ म्हणतच नाहीत. पोट दुखतं, भूक नाही, आज संकष्टी आहे, असं म्हणतात. आणि चिडचिड, अन्नाचाच ध्यास, एकलकोंडेपणा हे उपासमारीनेही येतं: 1944-45 साली मिनेसोटात 36 निरोगी तरुणांना अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांच्यातही हेच दिसलं. तेव्हा पोरीला ‘नखरे’ म्हणून झोडपू नका.

आता सल्ला. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होऊ नका. खाण्याच्या या आजारांत ते बरेचदा नॉर्मलच येतात. नाडी आणि रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा मोजून घ्या. दिवसा जागेपणी नाडी 50 च्या खाली असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ईसीजी, पोटॅशियम आणि फॉस्फेट मागून घ्या. फार दिवस उपाशी असलेल्या मुलाला घरच्या घरी एकदम दाबून खाऊ घालू नका. फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं. जेवण वाढवायचंच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जेवताना घरातलं कुणीतरी शेजारी बसा. मन मोकळं करायला टेलि-मानस हेल्पलाइनचा 14416 क्रमांक आहे. झोप, प्रेम, कमी मोबाइल, हे सगळे सांगतात, मीही सांगतो. आणि कुणी डबा पुढे केलाच, तर विचारा: नाडी मोजलीत का? उत्तर ‘नाही’ असेल तर उठून या. आधी दिलेले पैसे परत मागण्यात वेळ घालवू नका, ते मिळत नाहीत.