घनभूमिती आणि आभासी अवकाश

फळ्यावर घन काढावयाचा म्हणजे एक चौरस काढून त्याच्यामागे किंचित तिरकस दुसरा चौरस काढतात व दोहोंचे कोपरे जोडतात. घनाची सहाही पृष्ठे वस्तुतः चौरस असतात. परंतु या आकृतीत त्यांपैकी चार समांतरभुज चौकोनासारखी दिसतात. ज्याला मनश्चक्षूंपुढे घन उभा करता येतो, तो ही उणीव भरून काढतो. ज्याला ते साधत नाही, तो भूमितीलाच भितो. दोष मात्र पुष्कळदा त्याच्या बुद्धीचा नसून सपाट फळ्याचा असतो.

आपल्या दोन डोळ्यांना वस्तूची किंचित भिन्न चित्रे दिसतात व त्यांच्या मिलाफाने खोलीचे ज्ञान होते, हे चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ मध्ये दाखविले. आभासी वास्तवाचे उपकरण याच तत्त्वावर चालते. संगणक प्रत्येक डोळ्यासाठी निराळे चित्र रेखाटतो आणि मस्तक हलताच ते बदलतो. त्यामुळे आकृती अवकाशात स्थिर असल्याचा भास होतो. असे डोक्यावर धारण करावयाचे उपकरण आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये सादर केले.

भूमितीच्या अध्यापनासाठी व्हिएन्ना येथील तांत्रिक विद्यापीठात हानेस काउफमान व त्यांचे सहकारी यांनी 'कन्स्ट्रक्ट थ्री-डी' नावाची योजना सिद्ध केली व २००० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत पारदर्शक भिंगांतून आकृती आणि समोरची माणसे एकाच वेळी दिसतात. विद्यार्थी लेखणीसारख्या साधनाने अवकाशात बिंदू मांडतो, रेषा व प्रतले उभारतो आणि आकृतीभोवती चालत जाऊन तिचे निरीक्षण करतो.

एक उदाहरण पाहू. १० सेंमी. बाजूचा घन घ्या. त्याचा मुख्य कर्ण सुमारे १७.३ सेंमी. भरतो. या कर्णाला लंब असे प्रतल एका टोकापासून सरकवीत नेले, तर प्रथम समभुज त्रिकोणी छेद मिळतो व तो वाढत जातो. कर्णाचा एकतृतीयांश भाग ओलांडताच त्रिकोणाचा षट्कोन होतो आणि नेमक्या मध्यावर तो सुसम होतो. त्याची बाजू सुमारे ७.०७ सेंमी. असते. पुढे दोनतृतीयांशावर पुन्हा त्रिकोण! फळ्यावर हे स्थित्यंतर दाखविणे दुष्कर. आभासी अवकाशात ते डोळ्यांदेखत घडते.

तथापि दर्शन म्हणजे सिद्धता नव्हे. षट्कोन दिसला, तरी तो सुसम का, हा प्रश्न उरतोच. उपकरण प्रश्न जिवंत करते. उत्तर तर्कानेच द्यावे लागते.

अभ्यास : ज्या शाळेत असे उपकरण नाही, तेथे बटाट्याचा घन कापून हा छेद पाहावा. नंतर मुख्य कर्णाच्या टोकांना न मिळणाऱ्या सहा कडांचे मध्यबिंदू त्या दोन्ही टोकांपासून समदूर आहेत, हे पायथागोरसच्या सिद्धांताने सिद्ध करावे.