सर्वेक्षण-वाहनाचे इंधन : वजन, वेग आणि वाट

कीड सर्वेक्षणाचा आराखडा करताना गावांची निवड, प्रत्येक गावातील शेतांची संख्या, शेतागणिक तोडावयाची हिरवी बोंडे हे सारे आपण काटेकोरपणे ठरवतो. इंधनाचा रकाना मात्र बहुधा एका भागाकाराने भरला जातो : एकूण अंतर भागिले वाहनाचे कागदोपत्री मायलेज. या भागाकाराने काही वर्षांपूर्वी आमची फसगत केली. तिच्या निमित्ताने जो हिशेब मांडावा लागला, तो क्षेत्रीय काम करणाऱ्या सहकाऱ्यांना उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे देत आहे. कीटकशास्त्रज्ञाने वाहनशास्त्रावर लिहावे हे थोडे विचित्र आहे. पण आपल्या कामाचे बरेच तास जीपमध्येच जातात.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीचे तीन दिवसांचे सर्वेक्षण योजले होते. रोजचा फेरा सुमारे २४० किलोमीटरचा : त्यांपैकी १५० राष्ट्रीय महामार्ग ४४ व त्याला जोडणाऱ्या चांगल्या रस्त्यांचे, ७० गावोगावच्या अरुंद रस्त्यांचे आणि उरलेले २० काळ्या मातीतील गाडीवाटांचे. लिटरला १६ किलोमीटर धरून दिवसाला १५ लिटर, म्हणजे एकूण ४५ लिटर डिझेल मंजूर झाले. प्रत्यक्षात दिवसाला २२ ते २३ लिटर लागले. दुसऱ्या दिवशी सायंकाळीच मंजूर डिझेल संपले. तिसऱ्या दिवसाचा फेरा पदरमोड करून अर्ध्यावर आणला आणि बेला मंडलातील पैनगंगेकाठची चार गावे सोडून दिली. भेट दिलेल्या गावांत प्रादुर्भाव आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली होता व अहवालही तसाच गेला. पुढच्या आठवड्यात त्या चार गावांत पोहोचलो, तेव्हा दोन गावांत शेतागणिक कापलेल्या २० बोंडांपैकी तीन-चार बोंडांत अळी निघाली. पातळी १० टक्के, म्हणजे २० बोंडांत दोन. तेथील शेतकरी मराठीच बोलणारे, त्यांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी शांतपणे विचारले, “साहेब, मागच्या आठवड्यात येणार होता ना?” या प्रश्नाला डिझेलचे कारण सांगणे जड गेले.

इंधन अपुरे पडले की जवळची गावे सुटत नाहीत. सुटतात ती आडवाटेची. म्हणजे सर्वेक्षणातील त्रुटी यादृच्छिक राहत नाही, तिला दिशा येते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही बाब इंधनाच्या खर्चापेक्षा अधिक गंभीर आहे.

कागदावरचा आकडा कोठून येतो?

तो आकडा खोटा नसतो. आपल्या देशात प्रवासी वाहनांची चाचणी ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या ठरावीक चक्रानुसार प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून होते. चक्र ११८० सेकंदांचे, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि तोही अगदी थोडा वेळ. वातानुकूलन बंद असते. रिकाम्या वाहनाच्या वजनात १५० किलो मिळवून भार धरला जातो. दोन वाहनांची तुलना करण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. परंतु पाच माणसे, पाण्याचे कॅन, सापळे, नमुन्यांच्या पेट्या आणि चिखलाची वाट हे तिच्यात कोठेच नाही. प्रयोगशाळेतील मृत्युदरावरून शेतातील फवारणीचा परिणाम आपण थेट सांगत नाही. मायलेजबाबत मात्र तेच करतो.

वजन कोठे भोवते?

माणसांसह दोन टन भरणारे जीपसारखे वाहन घेऊ. डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिचा साधारण चौथा हिस्सा, म्हणजे ९ मेगाज्यूल, चाकांपर्यंत पोहोचतो असे धरू. पुढील आकडे या गृहीतकावरचे अदमास आहेत, मोजमापे नव्हेत; पण त्यांचे परस्परप्रमाण विश्वासार्ह आहे.

सपाट डांबरी रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना वाहनाला दोन रोध सोसावे लागतात. चाकांचा रोध वजनाच्या प्रमाणात असतो. अशा वाहनास तो सुमारे २३५ न्यूटन येतो व वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा रोध वजनाला ओळखत नाही. तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ६० किलोमीटरला तो जेमतेम चाकांच्या रोधाइतका, सुमारे २१५ न्यूटन असतो. ८० ला तो ३८५ वर जातो. आता गाडीत २०० किलो जादा सामान ठेवले, तर १०० किलोमीटरला पाव लिटर डिझेल अधिक लागेल. आणि वेग ६० वरून ८० वर नेला, तर जवळजवळ पावणेदोन ते दोन लिटर. हमरस्त्यावर वजनापेक्षा वेगच सातपट महाग पडतो. आमच्या चमूत मात्र पहिल्या रात्री चर्चा झाली ती पाण्याचे दोन कॅन उतरवावेत की काय, याची.

त्याहून मौजेची गोष्ट टपावर होती. कामगंध सापळ्यांचा गठ्ठा टपावरच्या कॅरियरवर बांधला होता. वजन दहा-पंधरा किलो. पण समोरून अर्धा मीटर उंच व पाऊण मीटर रुंद असा तो गठ्ठा ८० च्या वेगाला हवेशी झुंजत राहतो आणि १०० किलोमीटरला सुमारे एक लिटर खातो. तोच गठ्ठा आत, पायांपाशी ठेवला असता, तर हा खर्च जवळपास शून्यावर आला असता. पायांची थोडी अडचण झाली असती इतकेच.

डांबर संपले की गणित उलटते. ओलसर, भुसभुशीत काळ्या मातीत चाक रुतते आणि प्रत्येक क्षणी स्वतःच केलेल्या खळग्यातून वर चढत राहते. तेथे चाकांचा रोध डांबराच्या सात-आठ पट सहज होतो. वेग इतका कमी असतो की हवेचा विचार करण्याचे कारणच नाही. जवळजवळ सारा खर्च वजनाचा. तेच २०० किलो मऊ मातीतील १० किलोमीटरला जेवढे डिझेल खातात, तेवढे हमरस्त्यावर ७०-८० किलोमीटरला खातात. चाक जागीच फिरू लागले, तर यात आणखी भर पडते.

चढ आणि थांबे यांचा हिशेब सरळ आहे. दोन टनांचे वाहन ३०० मीटर उंच चढवण्यास सपाटीच्या खर्चाव्यतिरिक्त सुमारे ०.६५ लिटर लागते. उतारावर ब्रेक दाबत आलो, तर त्यांतील मोठा भाग परत मिळत नाही. ताशी ५० च्या वेगावरून गाडी थांबवून पुन्हा त्या वेगास आणण्यास सुमारे २० मिलिलिटर. गतिरोधक, गुरे, वळणे मिळून गावरस्त्यांवर दिवसात असे ५०-६० प्रसंग येतात. म्हणजे सव्वा लिटरपर्यंत. पुढचे गुरांचे खिल्लार दुरून दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढणारा चालक यांतील बराच भाग वाचवतो.

जेथे किलोमीटर वाढत नाहीत

सर्वांत मोठी गळती आम्हांला शेवटी सापडली, कारण ती अंतरात दिसतच नाही. दिवसाला बारा ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे, म्हणजे चार तास. या वेळात इंजिन चालू असे. असे इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल जाळते. वातानुकूलन चालू असेल तर वरची बाजू धरावी. दिवसाचे दोन ते चार लिटर येथेच गेले. चालकाला दोष देण्यापूर्वी मी कारण विचारले. बॅटरी जुनी झाली होती. रानात गाडी बंद केली तर ती पुन्हा सुरू होईल याची त्यांना खात्री नव्हती. त्यांची भीती रास्त होती. नव्या बॅटरीची मागणी दोनदा परत आली होती, कारण त्या शीर्षाखाली तरतूद नव्हती. इंधनाच्या शीर्षाखाली होती.

पाणी हेही वजनच

हा विचार सर्वेक्षणापुरता नाही. कपाशीवर नेहमीच्या पद्धतीने फवारणी करताना हेक्टरी ५०० लिटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे अर्धा टन. ट्रॅक्टरवरील टाकी भरलेली असताना चाके जेवढी रुततात, तेवढी ती अर्धी झाल्यावर रुतत नाहीत. म्हणून पाणी भरण्याची जागा शक्यतो शेताच्या बांधालगत ठेवावी आणि भरलेली टाकी कमीत कमी मातीतून न्यावी. २०२० मध्ये टोळधाड राजस्थानातून विदर्भापर्यंत आली, तेव्हा ट्रॅक्टरवरील फवारणी यंत्रे व अग्निशमन बंबही कामास लावले गेले. जोधपूरच्या टोळ इशारा संघटनेची वाहने मात्र अत्यल्प घनफळाची फवारणी वापरतात. तीत हेक्टरी साधारण अर्धा ते एक लिटर द्रव पुरतो. थरच्या वाळूत पाणी वाहून न नेता काम करता येणे, हा या तंत्राचा फार मोठा फायदा आहे. वाळूत टायरमधील हवा थोडी कमी केल्यास चाक कमी रुतते. डांबरावर परतताच ती पुन्हा भरावी, नाहीतर तेथे तोच उपाय खर्चिक ठरतो.

येथे मधमाशीची आठवण येते. चारा आणण्यास निघालेली कामकरी माशी पोळ्यातून मध पोटात भरून घेते, पण किती, ते स्रोताच्या अंतरावर ठरते : लांब जायचे असेल तर अधिक, जवळ असेल तर कमी. प्रवासाचे इंधन हेही वाहून न्यावयाचे ओझे आहे, हे तिच्या वर्तनात मुरलेले आहे.

नोंद कशी ठेवावी?

पुढील हंगामापासून आम्ही टाकी काठोकाठ भरून निघू लागलो आणि परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरू लागलो. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले, तेवढाच दिवसाचा खर्च. लॉगबुकात अंतराचे तीन रकाने केले : डांबरी, गावरस्ता, गाडीवाट. दहा-बारा दिवसांच्या नोंदींतून आमच्या वाहनाचे दर डांबरी रस्त्यावर लिटरला १४, गावरस्त्यावर १२ आणि गाडीवाटेवर ७ किलोमीटर असे ठरले. हे आकडे तुमच्या वाहनास लावू नयेत, पद्धत लावावी. मंजुरीच्या प्रस्तावास आम्ही हे पान जोडतो, आणि आजवर त्यावर आक्षेप आलेला नाही. फेऱ्यांचा क्रमही बदलला : आडवाटेची गावे पहिल्या दिवशी, महामार्गालगतची शेवटी.

लॉगबुकात चौथा रकानाही आहे, ‘इंजिन चालू ठेवून थांबलेली मिनिटे’. तो चालक स्वतः भरतात. बॅटरी आम्ही वर्गणी काढून घेतली. त्यानंतर त्या रकान्यात बहुतेक दिवशी एक आकडी संख्या असते.