अभियांत्रिकी शिक्षण आणि गणिताची पूर्वतयारी

वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या दाभोळचे नाव गेल्या शतकाच्या अखेरीस वीजप्रकल्पामुळे देशभर पोहोचले. प्रकल्प मात्र उभा राहिला खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे. अशा प्रकल्पांत अभियंता म्हणून प्रवेश मिळावा, ही किनाऱ्यावरील तरुणांची आकांक्षा स्वाभाविक होय.

या आकांक्षेचे दोन मार्ग आहेत. बारावी विज्ञानानंतर प्रवेश परीक्षा देऊन पदवीच्या प्रथम वर्षात जाणे हा एक. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेऊन थेट द्वितीय वर्षात दाखल होणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गात पदवी हुकली तरी पदविका हाती राहते, म्हणून सामान्य कुटुंबांना तो सोयीचा वाटतो, आणि ते योग्यच आहे. अडचण पुढे येते. प्रथम वर्षाचे गणित या विद्यार्थ्यांनी पदवीच्या पातळीवर अभ्यासलेले नसते. द्वितीय वर्षात मात्र लाप्लास रूपांतर व फूरिये श्रेणी समोर उभ्या राहतात. लाप्लास रूपांतर हे मुळात एक संकलन आहे. संकलनाचा सराव नसेल, तर विद्यार्थी सूत्रे पाठ करतो आणि प्रश्नाचे रूप बदलताच अडखळतो. हेच गणित विद्युत मंडले व नियंत्रण प्रणाली या विषयांतही लागते. त्यामुळे एका विषयातील अपयश एकटे राहत नाही. ‘एटीकेटी’चे ओझे वाढत जाते आणि प्रसंगी वर्ष वाया जाते.

नियमांनी ही उणीव ओळखलेली आहे. विज्ञान पदवीधराला थेट द्वितीय वर्षात घेताना अभियांत्रिकी आलेखन व यामिकी हे प्रथम वर्षाचे विषय उत्तीर्ण होण्याची अट घातली जाते. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बारावीच्या विषयांची अट सैल केली, तेव्हा देशभर वाद झाला. निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी सेतू अभ्यासक्रम घ्यावेत, अशीही त्यात तरतूद होती. परंतु प्रवेशफेऱ्या लांबल्या की विद्यार्थी वर्ग सुरू झाल्यावर येतो आणि सेतू अभ्यासक्रमास वेळच उरत नाही.

गणित कोकणच्या मुलांना परके नाही. याच दापोली तालुक्यातील मुरूडचे महर्षी कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत, मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले. पदविकेची अंतिम परीक्षा आणि पदवीप्रवेश यांमधील सुट्टीत संकलन, विकलक समीकरणे व संमिश्र संख्या एवढे तीन भाग अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून सोडविता येतात. त्यासाठी शहरात जाण्याची आवश्यकता नाही.