धक्का, पण तरंगता

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ‘सांडवा’ हा शब्द मला सेकंड इयरला कळला!

इंग्लंडच्या कालव्यांवर बोटवाल्यांसाठी छोटे मरिना असतात. तिथे प्यायच्या पाण्याचा नळ, वीज, डिझेल मिळतं, शिवाय बोटीतल्या संडासाची टाकी पंपाने उपसायची सोय असते. कालव्याची पातळी जवळजवळ कायम ठेवतात, म्हणून पक्का धक्का चालतो.

आपल्या प्रताप नगरजवळच्या अंबाझरी तलावाचं तसं नाही. पावसाळ्यात तो सांडव्यावरून वाहतो, उन्हाळ्यात उतरतो. पक्का धक्का बांधला तर मे महिन्यात बोटीत उडी मारावी लागेल. म्हणून तरंगता धक्का. गणित सोपं आहे. २०० लिटरचा बंद ड्रम पूर्ण बुडाला तर २०० किलो पाणी बाजूला सारतो. पण सेफ्टीसाठी तो अर्धाच बुडू द्यायचा, म्हणजे १००. ड्रमचे वीसेक किलो गेले, उरले ८०. त्यातच फळ्यांचं वजन. तेव्हा माणशी दोन ड्रम धरा (आमच्या मेसच्या भाताचे शौकीन असतील तर तीन!). धक्का वाहून जाऊ नये म्हणून तो कड्यांनी उभ्या खांबांत अडकवतात. पाण्याबरोबर कड्या वरखाली सरकतात.

खांब किती उंच हवेत? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं होतं. माझ्या मते खांब त्या पातळीच्याही वर हवेत. नाहीतर कडी वरून निसटेल आणि धक्का थेट सांडव्यावर जाऊन आडवा बसेल.