गर्भाशयातील ग्रंथी : पिशवी काढण्यापूर्वी

गळीत हंगामात शिरोळ तालुक्यातील उसाच्या फडांवर बीड जिल्ह्यातून तोडणी कामगार येतात. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने २०१९ मध्ये अभ्यासलेल्या बीडमधील पाहणीनुसार ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. कारणे अनेक, खाड्याचा दंड आणि कर्करोगाची भीती ही त्यांतील दोन. ‘पिशवीला गाठ आहे’ असे कळताच हीच भीती आपल्या रुग्णांनाही ग्रासते. म्हणून हा विषय प्रत्येक वैद्याने नीट समजून घ्यावा.

स्वरूप : फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूंपासून उत्पन्न होणारी ग्रंथी होय. ती बहुधा सौम्य असते. तिच्या जागी कर्करोग आढळणे अत्यंत विरळा. रजोनिवृत्तीनंतर ती सहसा आकसते. स्थान महत्त्वाचे : पोकळीत वाढणारी लहान ग्रंथीही अतिरक्तस्राव घडविते, तर बाह्य पृष्ठावरील मोठी ग्रंथी केवळ मूत्राशयावर दाब आणू शकते.

निदान : रक्तगुल्माची चिकित्सा दहा मास उलटल्यावर करावी, असे चरकसंहिता सांगते. गर्भाशी गफलत टळावी, हा त्यामागील एक हेतू. निश्चितीवाचून चिकित्सा नाही, हा त्याचा बोध. आज गर्भचाचणी, सोनोग्राफी व हिमोग्लोबिन यांवाचून औषध आरंभू नये.

चिकित्सा : लक्षणे नसल्यास निरीक्षण पुरेसे. रक्तस्रावासाठी ट्रॅनेक्झॅमिक आम्ल किंवा गर्भाशयात बसविण्याचे लेव्होनॉर्जेस्ट्रेलयुक्त साधन उपलब्ध आहे. अपत्याची इच्छा असल्यास केवळ ग्रंथी काढता येते. पोकळीतील ग्रंथी दुर्बिणीद्वारे निघते. निवडक रुग्णांत ग्रंथीचा रक्तपुरवठा बंद करता येतो. अन्य उपाय निष्फळ ठरल्यास, अपत्ये पूर्ण झालेल्या स्त्रीस गर्भाशय काढणे हितावह ठरू शकते. मात्र तरुण वयात बीजकोषही काढल्यास रजोनिवृत्ती तत्काळ येते व अस्थी क्षीण होतात.

आपले कर्तव्य : कांचनार गुग्गुळ, अशोक, लोध्र यांचा आपण उपयोग करतो, परंतु मोठी ग्रंथी त्यांनी विरघळते याचा भक्कम पुरावा नाही. तसे आश्वासन देऊ नये. पांडुरोगाची चिकित्सा लगेच करावी. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, वेगाने वाढणारी ग्रंथी, ८ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन, यांपैकी काहीही आढळल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे.

‘डॉक्टर, पिशवी काढू का?’ असे रुग्णा विचारील, तेव्हा तिचे वय, लक्षणे व अपत्येच्छा आधी विचारावी. उत्तर त्यांतच असते.